घरी वाइन चाखायला मंडळी बोलावताय?

बाटल्या तीनच ठेवा. ७५० मिलीची बाटली ६० मिलीच्या हिशेबाने बारा जणांना पुरते. नाशिकची शेनिन ब्लाँ (व्हाइट वाइन) आधी, शिराझ (रेड वाइन) नंतर. उलट केलंत तर शिराझच्या तुरटपणापुढे शेनिन पाणचट लागते. ‘रेड वाइन रूम टेम्परेचरला’ हे युरोपातल्या गार खोल्यांचं गणित. आपल्याकडे मे महिन्यात ३२ अंशांवर ओतलीत तर नाकात नुसता अल्कोहोल जातो. तास-दीड तास फ्रीजमध्ये ठेवून १६-१८ अंशांवर आणा. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बुचाने घात केलाय. ती बाटली बाजूलाच, हवा देऊन सुधारत नाही. सोबत झणझणीत मिसळ नको (हो, नाशिकला असलात तरी!), तिखटावर रेड वाइन जास्तच जळजळते. साधा पाव, चीज पुरे.