कर्जतला बघायला जाताय तर जेवणाच्या वेळी जा

ताई, सिनियर लिव्हिंग, म्हणजे ज्येष्ठांसाठी बांधलेली सोसायटी, बघायला रविवारी नका जाऊ, त्या दिवशी नातवंडं आलेली असतात नि सगळं भरल्यासारखं वाटतं, मधल्या वारी कर्जत लोकल पकडा म्हणजे दादरहून दोनेक तास कसे जातात तेही कळेल कारण उद्या मुलगा याच गाडीने भेटायला येणार. सॅम्पल फ्लॅटमध्ये फार वेळ घालवू नका. सरळ डायनिंग हॉलमध्ये बसा, आमटी गरम येते का, पोळी कवळीने चावता येते का बघा आणि शेजारच्यांना हळूच विचारा, रात्री छातीत दुखलं तर कोण येतं नि किती वेळात. मी एका ठिकाणी विचारलं तर आजी म्हणाल्या, बेल वाजवली की इथला कामाचा मुलगा येतो गं, पण अँब्युलन्सला तासभर लागतो. मी तिथेच तो विचार सोडला. बाथरूममधला दांडा धरून स्वतः उठून-बसून बघा, अगदी खरंच. टेप न्या, महारेरा म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, त्याच्या 2024 च्या गाइडलाइन्सप्रमाणे दार किमान 900 मिलिमीटर हवं, व्हीलचेअर जायला. मेंटेनन्स दरवर्षी किती वाढतो ते लेखी मागा. आणि चेकबुक घरीच ठेवा, पहिल्या दिवशी टोकन अजिबात द्यायचं नाही.