ऑनलाइन शिकवणी : आधी गोवा की थेट परदेश?

गोव्यातून ऑनलाइन संगीतशिकवणी सुरू करताना आधी इथलेच विद्यार्थी घ्यावेत की थेट परदेशातील मराठी कुटुंबांकडे जावे, असे आपण विचारले आहे. फोंड्यात बसून मी हाच व्यवसाय करतो आणि सुरुवात चुकीच्या टोकाकडून केली होती. आधी गोव्यातच उतरा.

२०२१ साली मी आणि माझ्या मावसभावाने हार्मोनियमचे वर्ग सुरू केले. २०११ च्या जनगणनेनुसार १४ लाख ५८ हजार वस्तीच्या या राज्यात, जिथे वाड्यावाड्यावर भजनी मंडळ आहे, तिथे पेटी शिकायला पैसे मोजून ऑनलाइन कोण येणार, हा त्याचा मुद्दा तेव्हा मला खोडता आला नाही. म्हणून आम्ही न्यू जर्सीतील कुटुंबे गाठली. तेथील संध्याकाळी साडेसातचा वर्ग म्हणजे आपल्याकडे सकाळी सहा. १४ मार्च २०२२ च्या सोमवारी आमचे शिक्षक सहाच्या ठोक्याला पेटी उघडून बसले, तेव्हा पडद्यावर कोणीच नव्हते. आदल्या दिवशी अमेरिकेतील घड्याळे एक तास पुढे गेली होती आणि मुले आपल्या पहाटे पाचला हजर होऊन, वाट पाहून निघून गेली होती. पुढे दोन आठवड्यांनी लंडनची घड्याळे पुढे सरकली आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मेलबर्नची मागे आली.

वेळापत्रक दुरुस्त करता येते. त्याहून वाईट म्हणजे, महिना-दोन महिन्यांनी पालक आभाराचे सभ्य पत्र पाठवून मुलांची नावे काढून घेत, आणि कारण कोणी सांगत नसे. ते कळले फोंड्याजवळच्या म्हार्दोळच्या एका गृहस्थांकडून. त्यांची मुलगी आमच्याकडे जेमतेम तीन आठवडे शिकत होती. भर पावसात ते स्कूटरवरून घरी आले आणि म्हणाले, "सर, तुमचा भाता दिसतो, बोटे दिसत नाहीत." आम्ही कॅमेरा पेटीच्या समोर ठेवत होतो! त्यांनी स्वतःची ओली छत्री खिडकीच्या गजाला आडवी अडकवली, तिच्या दांड्याला फोन बांधून तो पट्ट्यांवर उलटा रोखला, आणि त्या दिवसापासून मुलांची गळती थांबली. चवथीला भेटल्यावर मावसभाऊ अजूनही म्हणतो की जाहिरातीवर खर्च कमी पडला. छत्री घेऊन न्यू जर्सीहून कोण येणार होते, हे मात्र तो सांगत नाही.

पैशाचे म्हणाल, तर इथली फी यूपीआयने तत्काळ जमा होते, पण ओळखीमुळे ती मागायला संकोच वाटतो. परदेशातील पालक तिमाहीची फी आगाऊ भरतात, तरी कार्डाचे शुल्क आणि चलनबदल यांत तिचा लचका जातोच. जीएसटी नोंदणी असेल आणि परदेशी फीवर आधी कर भरून नंतर परतावा मागत बसायचे नसेल, तर दर आर्थिक वर्षी एलयूटी, म्हणजे कर न भरता परदेशी सेवा देण्याचे हमीपत्र, भरायला विसरू नका.

एक सांगायचे राहिले. "स्थानिक" म्हणजे केवळ गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीच्या नाक्यापर्यंत असे मी मानत नाही. सावंतवाडी आणि बेळगावचे विद्यार्थीही तितक्याच मोकळेपणाने तक्रार करतात. आणि आपण पेटी-तबल्याऐवजी गायन शिकवणार असाल, तर बोटांचा प्रश्नच येत नाही. तेव्हा कदाचित मावसभावाचेच ऐकून थेट परदेश गाठावा लागेल.