माथेरानमधील लंगडा झालेला घोडा प्राणी-आश्रयस्थानाकडे कसा सोपवावा?

पायाच्या दुखण्यामुळे घोडा पर्यटकांना घेऊन फिरू शकत नाही आणि त्याचा खर्चही झेपत नाही, असे आपण लिहिले आहे. त्याला मोकाट न सोडता सुरक्षित जागा शोधण्याचा आपला विचार मला मनापासून योग्य वाटतो. जनावर उपासमारीने वा तहानेने तळमळेल अशा स्थितीत सोडून देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११नुसार गुन्हाही आहे.

प्रथम पशुवैद्यकाकडून पाय तपासून घ्यावा, कारण नालेचा खिळा चुकीचा बसल्याने किंवा खुरात पू झाल्याने आलेले लंगडेपण अनेकदा उपचारांनी बरे होते. त्याच वेळी ग्लँडर्सची रक्ततपासणी करावी, कारण हा रोग इतर घोड्यांनाच नव्हे, तर माणसांनाही होतो.

घोडा पंचवीस-तीस वर्षे जगू शकतो आणि ३०० किलो वजनाच्या घोड्याला रोज पाच-सहा किलो कोरडा चारा लागतो, त्यामुळे आश्रयस्थानात जागा लगेच मिळेलच असे नाही. आश्रयस्थान चालवणारी संस्था आपण स्वतः जाऊन पाहावी, तेथील घोड्यांचे खूर आणि बरगड्या नीट न्याहाळाव्यात. मालकी हस्तांतराच्या कागदावर घोडा पुढे विकला जाणार नाही आणि कामाला जुंपला जाणार नाही, अशी अट स्पष्ट लिहून घ्यावी. त्याच्या सवयी, चंदी (रोजचा दाणा) आणि जुनी दुखणीही लपवू नयेत.

घोड्याला नेणारे वाहन माथेरानच्या प्रवेशापाशी असलेल्या दस्तुरी नाक्यापर्यंतच येऊ शकते. तेथवर लंगडत्या घोड्याला सकाळच्या गारव्यात, थांबत थांबत चालवावे.