टप्पा झाल्याशिवाय हप्ता नाही

प्रिय मित्रा,

जलवाहिनीच्या कामासाठी आपली सोलापूर महापालिका शासनाच्या खात्याशी करणार आहे त्या कराराचा तुझा मसुदा वाचला आणि त्याखाली पेन्सिलीने लिहिलेला प्रश्नही: ‘दोन्हीकडे शासनच. उद्या त्यांनी काम अर्धवट सोडलं तर महापालिकेने दाद कुणाकडे मागायची?’ या प्रश्नाने तू गांगरला आहेस, हे बरंच झालं. तुझ्याआधी हा कागद ज्या टेबलांवरून फिरला तिथे तो कुणाला पडलेला दिसत नाही.

दाद मागायची पाळीच येऊ नये, याची तजवीज करारात करायची असते. टप्पा मोजून झाला की हप्ता, त्याआधी छदाम नाही. तुझ्या मसुद्यातलं कलम ४ काय म्हणतं? ‘महानगरपालिका अंदाजपत्रकीय रक्कम आगाऊ जमा करेल.’ ठेव तत्त्वावरच्या कामाचा, म्हणजे पैसे आधी भरून दुसऱ्या खात्याकडून करून घ्यायच्या कामाचा, हा छापील नमुना आहे. सगळी रक्कम जमा झाली की आपल्याकडे उरतात फक्त स्मरणपत्रं. केंद्र सरकार शहरांच्या पाणीपुरवठ्यासाठीच्या अमृत योजनेत राज्यांनासुद्धा पैसे एकदम देत नाही. २०:४०:४० अशा तीन हप्त्यांत देतं, आणि पुढच्या हप्त्याआधी उपयोगिता प्रमाणपत्र व त्रयस्थ तपासणी अहवाल मागतं. दिल्लीने राज्यावर न दाखवलेला विश्वास सोलापूरने का दाखवायचा?

आता टप्पा म्हणजे काय, ते नीट लिही. ‘पाइप साइटवर आले’ हा टप्पा नव्हे. तसं लिहिलंस तर रस्त्याकडेला पाइपांचे ढीग लागतील, निम्म्याहून जास्त बिल निघेल आणि काम रेल्वेच्या रुळाशी येऊन थांबेल. ठरावीक लांबीचा तुकडा पुरला, जोडला, त्याची जलदाब चाचणी झाली आणि मोजमाप पुस्तिकेत दोन्हीकडच्या उपअभियंत्यांच्या सह्या झाल्या, की एक टप्पा. शेवटचे दहा टक्के पाणी चालू होऊन प्रत्यक्ष कामाचे नकाशे हातात येईपर्यंत ठेव. रेल्वे ओलांडणी आणि राष्ट्रीय महामार्गाची परवानगी यांना परिशिष्टात स्वतंत्र ओळी दे: अर्ज कोण करणार, पर्यवेक्षण शुल्क कोण भरणार, महामार्गाची बँक हमी कुणाच्या नावाची, रस्ता पूर्ववत कोण करणार. या चार प्रश्नांची उत्तरं कागदावर नसली की दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवतात आणि मधल्या काळात दर वाढतात. वाढीव खर्चाला आपली आगाऊ लेखी संमती हवी, नाहीतर सुधारित अंदाजपत्रक थेट मागणीपत्र होऊन येतं. ठेवीचं बँक खातं स्वतंत्र असावं आणि त्यावरचं व्याज आपलं, हेही लिही. यावर भांडतील. भांडू देत.

सह्यांकडे वळ. ‘शासन’ म्हणून तू एकच पक्ष लिहिला आहेस. प्रत्यक्षात तिथे निरनिराळे प्राणी आहेत. राज्याचं खातं असेल तर संविधानाच्या कलम २९९ प्रमाणे करार राज्यपालांच्या नावे आणि अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या सहीने हवा. रेल्वे असेल तर राष्ट्रपतींच्या नावे. पाणीपुरवठा योजना उभारणारं जीवन प्राधिकरण हे कायद्याने स्थापन झालेलं मंडळ आहे, त्याला त्याचा ठराव लागतो. फताटेवाडीचं वीजकेंद्र चालवणारी एनटीपीसी किंवा आपली स्मार्ट सिटी कंपनी या कंपन्या आहेत, तिथे संचालक मंडळाचं अधिकारपत्र. उजनी धरणाच्या बाबतीत तर सही करणारा अधिकारी जलसंपदा खात्याचा म्हणून करतोय की कृष्णा खोरे महामंडळाचा म्हणून, ते विचारून घे. कलम २९९ चुकलं की करारच उरत नाही. मग करार कायद्याच्या कलम ७० खाली, त्यांना लाभ झाला म्हणून भरपाई द्या, एवढंच म्हणता येतं, आणि तो लाभ पुन्हा आपल्यालाच सिद्ध करावा लागतो. आपली बाजूही तपास: १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमातली करार करण्याबद्दलची कलमं ७३ आणि ७४, स्थायी समितीची मंजुरी, मोहोर. प्रशासक असला तरी स्थायी समितीचे अधिकार वापरून केलेला ठराव स्वतंत्र लिहिलेला हवा. फाइलवरचा ‘मान्य’ हा ठराव नव्हे.

पाण्याच्या करारात आपण घेणारे असतो, म्हणून तिथे माझा नियम लंगडा पडेल असं तुला वाटेल. नाही पडत. उजनीत ११७ टीएमसी मावतं, पण त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा. शहराला काही पाणी जलवाहिनीने येतं, काही भीमेत सोडून औज बंधाऱ्यापर्यंत आणून टाकळीहून उचललं जातं. नदीतून येताना वाटेत किती मुरतं आणि किती मोटारी लागतात, हे तुला सांगायला नको. मग मोजायचं धरणाच्या दारात की बंधाऱ्यावर? मोजमापाची जागा करारात नसेल तर सुटलेल्या सगळ्या पाण्याचं बिल शहराच्या माथी येऊ शकतं. दरावर वेळ घालवू नको, ते जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवतं. भांड ते जागेसाठी, संयुक्त मीटर वाचनासाठी, आवर्तनाची तारीख किती दिवस आधी कळवायची त्यासाठी आणि पातळी खाली गेल्यावर दुबार-तिबार पंपिंगचा खर्च कुणी सोसायचा त्यासाठी. संयुक्त वाचन हा टप्पा, बिल हा हप्ता. वादात नसलेली रक्कम मुदतीत भरायची, वादातली वेगळी दाखवायची. म्हणजे थकबाकीदार म्हणून पाणी तोडायची धमकी देता येत नाही. थकबाकी शासनाच्या अनुदानातून वळती करायची असेल तर आधी हिशेब आणि तीस दिवसांची नोटीस, हेही कलम घाल.

कोर्टाचं थोडक्यात. संविधानाच्या कलम १३१ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात राज्य जाऊ शकतं, महापालिका नाही. राज्यावर दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस. रिट याचिकेसाठी आता मुंबईऐवजी उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, पण कराराच्या पैशाच्या वादात न्यायालयं सहसा ‘दावा लावा’ म्हणतात. आणि जे हमखास विसरलं जातं ते हे: पैशाच्या दाव्याला सरकारला तीस वर्षांची मुदत आहे, महापालिकेला तीनच. म्हणून दर एप्रिलमध्ये समोरच्या खात्याकडून शिल्लक रकमेची लेखी, सहीची कबुली घे. मुदत संपायच्या आत घेतलेली कबुली मुदत नव्याने सुरू करते. संपल्यावर घेतलेली नुसती रद्दी.

मला आडमुठा म्हणतात, तुझ्या कानावर आलंच असेल. माझ्यामुळे फायली रखडतात असंही. जरा गोड बोलून हेच साधलं असतं का, असं हल्ली मनात येतं. मग कुठल्यातरी जुन्या ठेवीचा न लागलेला हिशेब समोर येतो आणि वाटतं, नसतं साधलं. ज्यांना घाई असते त्यांची तीन वर्षांत बदली होते. जलवाहिनी इथेच राहते, आणि तिचं कर्ज मालमत्ताकर भरणारा शेळगीतला किंवा विडी घरकुलातला माणूस फेडतो. तेव्हा ‘वरून फोन आलाय, आगाऊ रक्कम टाका’ असं कुणी म्हणालं तर फोनचा विषय टिप्पणीत लिहून सहीला ठेव. बहुतेक वेळा फोन तिथेच विरतो.

वाद कसा मिटवायचा त्याचं कलम तीन पायऱ्यांचं कर: अधीक्षक अभियंता पंधरा दिवस, आयुक्त आणि मुख्य अभियंता तीस दिवस, मग नाव आधीच ठरलेला लवाद. ‘शासनाचा निर्णय अंतिम राहील’ ही ओळ खोड. शासन पक्षकार असताना तेच न्यायाधीश कसं?

सोमवारपर्यंत परिशिष्ट ‘अ’ नव्याने करून आण. टप्पा, मोजमाप कोण करणार, कागद कोणता, हप्ता किती, उशीर झाल्यास काय, असे पाच रकाने पुरेत. शीर्षकातलं ‘सामंजस्य’ काढ, नुसतं ‘करारनामा’ ठेव. कलम ४ तसंच असेल तर पुढची पानं मी उलटणार नाही.