गोव्यात लग्न आणि 1.85 लाखाचा लेहंगा: एफडी मोडू की लोन काढू?

ताई म्हणून विचारलंयस म्हणून सरळ अगं-तुगं करते. तुझा मेसेज थोडक्यात असा की हिंजवडीत जॉब, महिन्याला हातात पगार 62 हजार, महिन्याचा खर्च 38 हजार, फेब्रुवारीत साउथ गोव्यात बीचवर लग्न, रिसॉर्टचा खर्च दोन्ही घरचे वाटून करणार पण कपडे तुझे तू. त्यासाठी वेगळे ठेवलेत 90 हजार, शिवाय एफडी 2 लाख 40 हजारांची, आणि लेहंगा आवडलाय तो 1 लाख 85 हजार "प्लस टॅक्स".

एफडी पण नको आणि लोन पण नको. का ते सांगते.

आधी ते "प्लस टॅक्स" बघ. 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांवरच्या शिवलेल्या कपड्यांना जीएसटी 18 टक्के आहे, म्हणजे वर 33,300, लेहंगा पडला 2 लाख 18 हजारांना. तेवढं लोन 14 टक्क्यांनी दोन वर्षांसाठी काढलंस तर हप्ता साडेदहा हजार आणि व्याज जवळपास 33 हजार, म्हणजे टॅक्स दोनदा भरल्यासारखंच झालं ना. आणि एफडी म्हणशील तर तुझा सहा महिन्यांचा खर्चच 2 लाख 28 हजार होतो, ती एफडी म्हणजे तुझा इमर्जन्सी फंड आहे गं, आयटीत कोण कधी बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय बसून, जाईल सांगता येतं का आजकाल?

आता गोवा. भरगच्च जरदोसीचा लेहंगा सात-आठ किलोला सहज जातो आणि फ्लाइटला चेक-इन बॅग साधारण 15 किलोची, म्हणजे एक्स्ट्रा बॅगेजचे पैसे आले, तिथे गेल्यावर इस्त्रीचे वेगळे, आणि वाळूतून घेर ओढत चालल्यावर ड्रायक्लीनचे तर विचारूच नको. त्यात उघड्यावर रात्री दहाला स्पीकर बंद करावा लागतो, म्हणजे रिसेप्शन सातला सुरू झालं तर लेहंगा मिरवायला मिळणार तीन तास!! (फोटोग्राफर त्यातला एक तास सूर्यास्तासाठी आधीच मागून घेईल ते वेगळंच.)

म्हणून रिसेप्शनचा लेहंगा भाड्याने घे. पुण्यात 20-25 हजारांत चांगला मिळतो, पण भाडं बहुतेक ठिकाणी तीन दिवसांचं असतं आणि तुला जाऊन-येऊन पाच-सहा दिवस लागणार, तर जास्तीच्या दिवसांचे किती ते आधीच लिहून घे, आणि ताब्यात घेताना घेराचा खालचा काठ आणि अस्तर यांचा व्हिडिओ काढून ठेव, डिपॉझिट तिथेच कापतात.

विधींना मात्र पैठणीच नेस. आईची देतेय म्हणालीस तर फक्त ब्लाउज नवीन शिव, पाच-सहा हजारांत काम होतं. नवीनच हवी असेल तर सरळ येवल्याला जा, साडीवर जीएसटी 5 टक्केच आहे, 35-40 हजारांपर्यंत हातमागाची बघ आणि पदर उलटून बघ, खरी असेल तर मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, सुटे धागे लोंबत नाहीत. ती पुढे मंगळागौरीला, डोहाळजेवणाला, नणंदेच्या लग्नात निघेल, लेहंगा कपाटातच राहतो. नवीन पैठणी, ब्लाउज, भाडं, जास्तीचे दिवस सगळं धरून 75 हजारांच्या आत बसतं, उरलेल्यात हळद आणि संगीत कर.

बुटीकमध्ये ॲडव्हान्स दिला असशील तर परत मिळतो का क्रेडिट नोट (पैशांऐवजी तेवढ्याच रकमेची तिथेच खरेदी) देतात ते आजच विचार, क्रेडिट नोट असेल तर हळदीचा ड्रेस तिथूनच उचल. आणि नवरदेवाच्या शेरवानीचं काय ठरलंय गं? मेसेजमध्ये त्याचा एक शब्द नाही, तो खर्च तुझ्या 90 हजारांत धरलेला नाहीये ना?