सुई न टोचता मुलाच्या अंगातलं शिसं तपासता येतं का? (सोलापूर, मुलगी ४ वर्षांची, शेजारी जुन्या बॅटऱ्या फोडतात)

नाही, शिसं आहे की नाही हे खात्रीने सांगणारी बिनटोचणीची तपासणी आज नाही; रक्तच द्यावं लागतं. केस, नखं, लघवी तपासून देतो म्हणणारे भेटतील, पण केसावर बाहेरची धूळही चिकटलेली असते, त्यामुळे आकडा अंगातला की अंगावरचा, कळत नाही. हाडातलं शिसं क्ष-किरणांनी मोजतात खरं, पण ते संशोधनापुरतंच. मी इथे सोलापुरात लॅबमध्ये रक्त घेतो, म्हणून एक कळकळीने सांगतो: बोटाच्या टोकाला टोचून दोन थेंबांतही चाचणी होते, फक्त आधी हात साबणाने खसखसून धुवा. नखाखालची काळी माती थेंबात उतरली की आकडा उगाच वाढतो. म्हणूनच बोटाचा आकडा जास्त आला तर शिरेतल्या रक्तावर पुन्हा तपासावंच लागतं. जागतिक आरोग्य संघटना डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅमपासून कारण शोधायला सांगते. सुरक्षित म्हणावी अशी पातळी मात्र नाही.

न टोचता तुम्ही तपासू शकता ते हे, जिथून शिसं घरात येतं:

- पोपडे सुटलेला जुना रंग, सुरमा, स्वस्त कल्हईची भांडी
- कामावरचे कपडे घरात आणता का

बॅटऱ्यांचं काम शेजारीच आहे, तेव्हा लक्षणांची वाट बघू नका. बहुतेक मुलांत ती दिसतच नाहीत. सिव्हिलच्या बालरोग ओपीडीत जाऊन ‘रक्तातलं शिसं’ असं नाव घेऊनच विचारा.