वाचक विचारतात: घरची बिअर, विजेवरची यंत्रणा आणि तिचं कंट्रोल पॅनेल

गॅसची शेगडी सोडून विजेवर बिअर करू पाहणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी जास्त आली, त्यातली बरीचशी अमेरिकेतून. तिथे 1978 साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या सहीने झालेल्या कायद्यानुसार घरगुती वापरासाठी वर्षाला 100 गॅलन बिअर करमुक्त बनवता येते. घरात दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर 200 गॅलन. विकता मात्र येत नाही. अलाबामा आणि मिसिसिपी या शेवटच्या दोन राज्यांनी 2013 मध्ये मान्यता दिली.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी): 20 लिटरच्या बॅचसाठी तीन भांड्यांची यंत्रणा बांधतो आहे. गरम पाण्याच्या टाकीत आणि उकळायच्या किटलीत 5500 वॅटचं एकेक एलिमेंट आहे. गॅरेजमध्ये ड्रायरचं सॉकेट आहे. पॅनेलमध्ये काय काय हवं, आणि कोणत्या क्रमाने?

आधी सॉकेटकडे बघा. चार भोकांचं असेल तर त्यात दोन फेज (जिवंत तारा), न्यूट्रल आणि अर्थ असं सगळं आहे. तीन भोकांचं जुनं ड्रायर-सॉकेट असेल तर त्यात वेगळा अर्थ नसतो. 1996 नंतरच्या नियमांनी नव्या घरांत ते बंद केलं. पाणी, पोलाद आणि वीज एकत्र येणार आहेत तिथे असं सॉकेट वापरूच नका. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चार तारांची लाइन ओढून घ्या.

240 व्होल्टवर 5500 वॅट म्हणजे 22.9 अँपिअर. 30 अँपिअरच्या ब्रेकरवर सतत चालणारा भार 80 टक्के, म्हणजे 24 अँपिअरपर्यंतच ठेवतात, त्यामुळे एका वेळी एकच एलिमेंट चालेल. हे लक्षात ठेवण्याच्या भरवशावर सोडू नका. टाकी, बंद, किटली असा तीन जागांचा स्विच बसवला की दोन्ही एकदम लागणं शक्यच राहत नाही. भाराची तार तांब्याची, 10 गेजची.

आता क्रम. भिंतीतून आलेली वीज आधी जीएफसीआय ब्रेकरमधून (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा), मग मुख्य काँटॅक्टरमधून (कॉइलला वीज मिळाली की जोडला जाणारा मोठा स्विच), मग त्या त्या एलिमेंटच्या काँटॅक्टरमधून, मग एसएसआरमधून (सॉलिड स्टेट रिले, वीज झपाझप चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि शेवटी एलिमेंटला. एसएसआर असताना काँटॅक्टर कशाला, असं अनेकांनी विचारलं आहे. या यंत्रणेत सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून सविस्तर सांगतो. अमेरिकेतले 240 व्होल्ट दोन जिवंत तारांमधले असतात आणि प्रत्येक तार जमिनीच्या तुलनेत 120 व्होल्टवर असते. एसएसआर त्यातली एकच तोडतो. तो बंद असला तरी एलिमेंटच्या दोन्ही टोकांवर 120 व्होल्ट उभे असतात. दुसरं, एसएसआर बिघडतो तेव्हा बहुतेक वेळा आतून शॉर्ट होतो, म्हणजे कायमचा चालू राहतो. कंट्रोलर शून्य टक्के दाखवतो आणि एलिमेंट पूर्ण ताकदीने तापत असतं. दोन्ही तारा एकदम तोडणारा दोन पोलचा काँटॅक्टर हाच त्यावर उपाय. एसएसआर फक्त उष्णता कमी-जास्त करण्यासाठी आहे, बंद करण्याचं काम त्याच्यावर सोपवू नका.

इमर्जन्सी स्टॉप मुख्य काँटॅक्टरच्या कॉइलच्या वाटेत टाका, म्हणजे बटण दाबताच कॉइल सुटेल. कुठलीही तार निसटली तरी परिणाम तोच होईल. बटण दाबल्यावर मुद्दाम अर्थकडे थोडा करंट सोडून जीएफसीआय ट्रिप करायचा, अशी आकृती प्रचलित आहे. आम्ही ती सुचवत नाही, कारण तिच्यातली एक तार सुटली की बटण निकामी होतं आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. सुरू करण्यासाठी पुश बटण आणि काँटॅक्टरच्याच जादा संपर्काने धरून ठेवण्याची जोडणी ठेवा. वीज जाऊन परत आली तर पॅनेल आपोआप चालू होणार नाही. तीन जागांच्या स्विचलाही एक जादा संपर्क लावून तो सुरुवातीच्या बटणाशी सिरीजमध्ये घ्या: स्विच 'बंद'वर नसेल तर पॅनेल सुरूच होऊ नये.

राहिलेलं थोडक्यात. पूर्ण भारावर एसएसआर 25 ते 30 वॅट उष्णता टाकतो, म्हणून हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) पेटीच्या बाहेर, त्याच्या पात्या उभ्या ठेवून आणि मधे थर्मल पेस्ट लावून बसवा. एसएसआर 40 अँपिअरचा खात्रीच्या विक्रेत्याकडून घ्या. अतिस्वस्त नगांवर 40 छापलेलं असतं आणि आत त्याहून लहान ट्रायॅक (वीज जोडणारा-तोडणारा भाग) निघतो. कंट्रोलर, काँटॅक्टरच्या कॉइली आणि दिवे यांना वेगळा लहान फ्यूज द्या. पेटीच्या दाराला स्वतंत्र अर्थ वायर हवी, बिजागऱ्यांच्या भरवशावर राहू नका. पीआयडीसाठी (तापमान राखणाऱ्या कंट्रोलरसाठी) 45 बाय 45 मिलिमीटरची खाच, स्विच-दिव्यांसाठी 22 मिलिमीटरची भोकं. पहिल्या दोन-तीन बॅचनंतर वीज तोडून सगळे टर्मिनल पुन्हा आवळा. सैल स्क्रू तापतो आणि तारेचं आवरण वितळवतो.

प्रश्न (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया): माझा जीएफसीआय मधेच ट्रिप होतो. साधा ब्रेकर लावला तर चालेल का?

नाही. तो 5 मिलिअँपिअरच्या आसपासची गळती पकडतो आणि ट्रिप होऊन तुम्हाला काहीतरी सांगतो आहे. ते काय, हे कशाने ट्रिप होतो यावरून कळतं.

पंप लावताच ट्रिप होत असेल आणि एलिमेंटवर होत नसेल, तर चूक न्यूट्रलची आहे. पंप 120 व्होल्टचा, म्हणून तो न्यूट्रल वापरतो. एलिमेंट वापरत नाही. ब्रेकरमधून निघालेली पांढरी गुंडाळलेली तार पुरवठ्याच्या न्यूट्रल पट्टीवर जाते, आणि पॅनेलची न्यूट्रल ब्रेकरच्या स्वतःच्या न्यूट्रल स्क्रूला यायला हवी. ती सरळ पट्टीवर गेली असेल तर ब्रेकरला जाणारा करंट दिसतो, परतणारा दिसत नाही, आणि तो ती गळती समजतो. पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ कुठे जोडले गेले असतील तरी हेच होतं.

एलिमेंट लावल्यावर दहा-वीस मिनिटांनी ट्रिप होत असेल, तर टर्मिनलच्या डबीत ओल शिरली आहे किंवा एलिमेंटच्या नळीला सूक्ष्म चीर आहे. प्लग काढून मोजा. 5500 वॅटच्या एलिमेंटच्या दोन टोकांत साधारण 10.5 ओहम दिसायला हवेत, आणि कुठल्याही टोकापासून नळीपर्यंत मीटरने काहीच जोड दाखवता कामा नये. दाखवला तर एलिमेंट बदला. थंड असताना मोजमाप ठीक आणि गरम झाल्यावर ट्रिप, असंही होतं. तेव्हा डबी उघडून आतला पाण्याचा माग शोधा.

प्रश्न (प्लेनो, टेक्सस): एसएसआर बंद आहे, तरी मीटर एलिमेंटच्या टोकांत शंभराच्या वर व्होल्ट दाखवतो आणि दिवा मिणमिणतो. एसएसआर गेला का?

एलिमेंट जोडलेलं नसताना मोजत असाल तर बहुधा नाही. बंद एसएसआरमधूनही काही मिलिअँपिअर निसटतात, डिजिटल मीटरला आणि एलईडीला तेवढे पुरतात. एलिमेंट पाण्यात बुडवून, जोडून पुन्हा मोजा. आकडा शून्याजवळ आला तर एसएसआर शाबूत आहे. 240 राहिला तर तो शॉर्ट झाला आहे.

प्रश्न (शिकागो): मॅश (गरम पाण्यात भिजवलेलं दळलेलं माल्ट) 67 अंशांवर ठेवायचा असतो, पण पारा 70 च्या पुढे जातो, मग 65 ला उतरतो. पाण्याच्या टाकीत नळीचं वेटोळं (कॉइल) आहे, वर्ट (मॅशमधला गोड रस) त्यातून फिरतो. पीआयडी खराब आहे का?

पीआयडीला दोष देण्याआधी टाकीतलं पाणी ढवळलं जातं आहे का ते बघा. स्थिर पाण्यात एलिमेंटच्या वर आणि खाली दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो, आणि सेन्सर नेमका थंड भागात असतो. दुसऱ्या पंपाने टाकीचं पाणी त्याच टाकीत फिरत ठेवा. निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात.

मग ऑटोट्यून (कंट्रोलरने स्वतःला जुळवून घेणं) करा, पण रिकाम्या वेळी थंड पाण्यावर नको. नेहमीचं पाणी भरून, दोन्ही पंप चालू ठेवून, 65 अंशांच्या जवळपास करा. एसएसआरसाठी सायकल टाइम (चालू-बंदचं एक आवर्तन) 2 सेकंद ठेवा. कंट्रोलर रिलेसाठीच्या 20 सेकंदांवर आला असेल तर पारा झोके खातो.

सेन्सर तीन तारांचा पीटी100 (रोधावरून तापमान मोजणारा) असेल तर तिन्ही तारा जोडल्याची खात्री करा. त्याचा रोध अंशाला 0.385 ओहमने बदलतो, म्हणजे प्लगमधल्या ओलसर, गंजलेल्या जोडणीतला अर्धा ओहमसुद्धा अंशाहून जास्त चूक दाखवतो. बर्फाच्या पाण्यात शून्य येतो का ते पाहा. सेन्सरची तार एलिमेंटच्या तारांना बांधून नेऊ नका.

आणि टाकी स्थिर असूनही मॅश गार होत असेल, तर बिघाड विजेचा नाही. पंपाने धान्याचा थर खाली ओढून घट्ट बसवला आहे आणि वर्ट फिरणं थांबलं आहे. पहिली दहा मिनिटं व्हॉल्व्ह जेमतेम उघडा, थर बसला की हळूहळू वाढवा. 67 वरून 76 अंशांना नेताना गणिताने सात मिनिटं पुरतात. पण कॉइलमधून उष्णता तेवढ्या वेगाने जात नाही, म्हणून दुप्पट वेळ हाताशी ठेवा.

प्रश्न (डेन्व्हर): किटलीला 100 अंश लावले की एलिमेंट कधी थांबतच नाही, आणि दर वेळी उतू जातं.

डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे 1600 मीटरवर आहे, तिथे पाणी 95 अंशांच्या आसपासच उकळतं. कंट्रोलर कधीही न येणाऱ्या 100 ची वाट बघत शंभर टक्के वीज देत बसतो. मुंबईच्या उंचीवरही उकळीसाठी तापमान लावणं चुकीचंच, कारण उकळतं पाणी आणखी तापत नाही, फक्त जास्त वाफ होते. पीआयडी मॅन्युअलवर घ्या आणि टक्के ठरवा. 5500 वॅटने पूर्ण ताकदीवर तासाला पावणेनऊ लिटरच्या आसपास पाणी उडतं. 25 लिटरसाठी तुम्हाला चारेक लिटर पुरेत, म्हणून 50 ते 60 टक्के.

दूध वर येताना जसे आपण गॅसपाशी उभे राहतो, तसंच इथे पहिल्या उकळीला उभं राहायचं. प्रथिनांचा फेस जमतो तेव्हा वीज 30 टक्क्यांवर आणा, फेस मोडला की परत वाढवा. तुमच्याकडे उकळी कमी तापमानाची असल्याने हॉप्सचा कडूपणाही कमी उतरतो, थोडे जास्त घाला. वाफ बाहेर नेणारा पंखा हवाच, आणि पॅनेल किटलीच्या वर कधीही लावू नका.

प्रश्न (क्वीन्स, न्यू यॉर्क): तेच एलिमेंट मित्राच्या घरी झपाझप तापतं, आमच्या इमारतीत रेंगाळतं.

मोठ्या इमारतींत थ्री-फेज पुरवठा असतो आणि दोन फेजमध्ये 240 नव्हे, 208 व्होल्ट मिळतात. 5500 वॅटचं एलिमेंट तिथे 4100 च्या आसपास देतं. 40 लिटर पाणी 20 वरून 72 अंशांवर न्यायला 26 ऐवजी 35 मिनिटं लागतील. बिघाड काही नाही.

प्रश्न (स्लाव, इंग्लंड): 3 किलोवॅटचं एलिमेंट 13 अँपिअरच्या प्लगवर चालवतो. भांड्याकडचा कनेक्टर तपकिरी पडून वितळला.

संगणकाला लागतो तसा तो कनेक्टर 10 अँपिअरचा आहे. 240 व्होल्टवर 3 किलोवॅट म्हणजे 12.5 अँपिअर, तेही तासन्‌तास. चहाच्या किटलीत चार मिनिटं चालून जातं ते इथे चालत नाही. 16 अँपिअरचा सी19-सी20 जोड लावा, किंवा तार थेट टर्मिनलच्या सीलबंद डबीत न्या. भिंतीकडचा प्लगही अर्ध्या तासाने हात लावून पाहा. हात ठेववत नसेल तर सॉकेट बदला. सर्किटवर 30 मिलिअँपिअरचा आरसीडी (जीएफसीआयसारखाच गळती पकडणारा) हवा.

प्रश्न (पुणे): हीच यंत्रणा 230 व्होल्टवर इथे बांधता येईल का?

तांत्रिकदृष्ट्या येईल, पण बांधू नका. 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, घरच्या वापरासाठी असलं तरी. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी परवाना असलेल्या मायक्रोब्रुअरीत काम करून शिकावं. तिथली पॅनेल्स याच तत्त्वावर चालतात.

प्रश्न (सिएटल): रास्पबेरी पाय (छोटा संगणक), मोटरचे व्हॉल्व्ह, सगळं आपोआप. एवढं करावं का?

तापमान, वेळ आणि हॉप्सची आठवण हे संगणकाकडे जरूर द्या. व्हॉल्व्ह सुरुवातीला हातानेच फिरवा, असा आमचा आग्रह आहे. मोटरचा व्हॉल्व्ह धान्याचा कण अडकून अर्धवट थांबतो आणि प्रोग्राम तो उघडला असं धरून पुढे जातो. टाकी रिकामी होते आणि कोरडं एलिमेंट काही क्षणांत लाल होतं.

म्हणून टाकीत आणि किटलीत, एलिमेंटच्या वर, एकेक फ्लोट स्विच बसवा. तो संगणकाला न जोडता लहान रिलेमार्फत थेट त्या काँटॅक्टरच्या कॉइलमध्ये घ्या. पाणी कमी तर काँटॅक्टर सुटला, प्रोग्राम काहीही म्हणो. पायच्या पिनेवर फक्त 3.3 व्होल्ट असतात आणि एसएसआरला किमान 3 लागतात. इतक्या काठावर तो कधी लागेल, कधी नाही. मधे ट्रान्झिस्टर घालून 12 व्होल्टने चालवा. प्रोग्राम गोठला तर पिन आहे त्याच स्थितीत राहते, म्हणून वॉचडॉग (प्रोग्राम गोठला की तो ओळखून पुन्हा सुरू करणारी सोय) लावा, आणि पाण्याची चाचणी घेताना मुद्दाम पायची वीज काढून एलिमेंट खरोखर थांबतं का ते बघा. मग फ्लोट हाताने खाली दाबा, इमर्जन्सी स्टॉप दाबा, जीएफसीआयचं टेस्ट बटण दाबा. या चारही वेळा किटलीची उकळी बसल्याशिवाय माल्ट दळायला घेऊ नका.